कार्डं जातील तिथे अप्पा

रविवार हा ताईच्या धंद्याचा दिवस. आठवडाभर कचेरीत बसलेली माणसं रविवारी गाडी शिकायला येतात आणि मागच्या रविवारी शिकवलेलं सगळं विसरून येतात. त्या सकाळी एका निवृत्त न्यायाधीशांना चढावर गाडी मागे घसरू न देता पुढे कशी काढायची हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. न्यायाधीश दर वेळी "समजलं" म्हणत आणि दर वेळी मागे उभ्या असलेल्या दुधाच्या टेम्पोच्या दिशेने जात. त्यामुळे आईवडिलांच्या घराखाली तिने आपली शिकवणीची गाडी लावली तेव्हा तिचं डोकं आधीच तापलेलं होतं.

जिन्यातच वरचे आवाज ऐकू आले. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते. खालचा अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, दवाखाना विकल्यापासून त्या दोघांनी बोलणं टाकलं होतं. जे काही सांगायचं ते तिच्यामार्फत. म्हणून तिला क्षणभर बरंही वाटलं. मग ते काय बोलताहेत ते नीट ऐकू आलं.

दादा म्हणत होता की अप्पांनी सगळी कार्डं त्याला द्यायचं कबूल केलेलं आहे. बारक्या म्हणत होता की हे शक्यच नाही, कारण ती अप्पांनी त्याला देऊन टाकलेली आहेत.

ताईने चपला काढल्या आणि दारातच भिंतीला टेकून उभी राहिली. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं होतं. ज्या तरुण दंतवैद्याने दवाखाना घेतला होता त्याला वरचा मजलाही हवा होता. स्वयंपाकघरात आई एकटीच भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती, अर्धी खोकी अजून बांधायची होती, पलंग खोलायचे होते, आणि हे दोघे पन्नाशीच्या आसपासचे पुरुष च्युइंगमच्या कार्डांवरून भांडत होते.

अप्पांना गावभर दातांचे डॉक्टर म्हणून ओळखत आणि घरात कार्डांचे वेडे म्हणून. फार पूर्वी च्युइंगमच्या प्रत्येक पाकिटात एक रंगीत कार्ड यायचं. पुढे चित्र, मागे चार ओळी माहिती. जहाजं, पक्षी, विमानं, पहिलवान असे संच होते. मुलं गम चघळून दात किडवायची आणि अप्पांकडे यायची, आणि अप्पा त्यांचं तोंड उघडायच्या आधी खिसे बघायचे. ज्या पोराच्या खिशात अप्पांना हवं असलेलं कार्ड असेल त्याचा दात जरा अलगद निघतो, असं शाळेत बोललं जायचं. भिंतीवर 'गम खाऊ नका' अशी पाटी, आणि तिच्याच खाली टेबलाच्या खणात अदलाबदलीसाठी ठेवलेली डबल कार्डं. गम बनवणारी कंपनी कधीच बुडाली. कार्डं मात्र वाढत गेली. दातांचे प्लास्टरचे साचे ठेवायला घेतलेली उथळ खणांची लोखंडी कपाटं कार्डांनी बळकावली आणि साच्यांची रवानगी पलंगाखाली झाली. किती तरी वर्षं आई अनोळखी माणसांच्या जबड्यांवर झोपत होती.

ताई आत आली तेव्हा अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत, काठी गुडघ्यांमध्ये धरून, शेजारच्या घरचं भांडण ऐकावं तसे मुलांचं भांडण ऐकत होते. दादाची बायको कोपऱ्यात पुस्तकांची खोकी बांधत होती आणि एकही शब्द निसटू देत नव्हती. दादा महाविद्यालयाचा प्राचार्य. तो बसूनही व्यासपीठावर उभा असल्यासारखा बोलायचा. त्याच्या मनात ग्रंथालयात काचेचं कपाट करायचं होतं, त्यावर अप्पांच्या नावाची पितळी पाटी. पाटीवर काय लिहायचं हेही त्याने ठरवून ठेवलं होतं, आणि त्या मजकुरात 'कै.' हे अक्षर होतं असं वहिनीने आदल्या दिवशी फोनवर ताईला सांगितलं होतं. बारक्या नावाचाच बारक्या. परदेशात विमा विकून विकून त्याचं चांगलं बस्तान आणि त्याहून चांगलं पोट झालं होतं. त्याने तिकडचा एक संग्राहक गाठला होता, कार्डांचे फोटोही पाठवून झाले होते. सुटी संपायच्या आत त्याला सगळं घेऊन जायचं होतं.

"तूच सांग ताई," दादा तिला बघताच म्हणाला. "अप्पा माझ्या कॉलेजच्या कार्यक्रमाला आले होते, तेव्हा सगळ्यांसमोर नाही, पण माझ्या खोलीत बसून मला म्हणाले की नाही, की ही कार्डं तुझी?"

बारक्याचं म्हणणं, त्याला अप्पांनी विमानतळावर सांगितलं. आणि कोणाला बोलू नकोस असंही सांगितलं.

कोणाला बोलू नकोस, हे शब्द ऐकले आणि ताईच्या कपाळाची शीर उडायला लागली. जिन्यावरून पडल्यावर अप्पांना इस्पितळातून घरी आणताना, तिच्याच गाडीत, तिच्या शेजारी बसून अप्पा तिला म्हणाले होते की ही कार्डं तुझी आहेत, त्या दोघांना सांगू नकोस. तिला कार्डं नको होती. कधीच नको होती. लहानपणी तिने एखादं हातात घेतलं की अप्पा "आधी हात धुऊन ये" म्हणायचे, आणि ती हात धुऊन येईतो कार्ड खणात गेलेलं असायचं. तरीही त्या दिवशी ते वाक्य तिला लागलं होतं, आणि तिने ते कोणाला न सांगता जपून ठेवलं होतं.

"अप्पा," ती म्हणाली, "मला गाडीत काय सांगितलं होतंत?"

अप्पांनी काठीची मूठ निरखली. आपल्याला तेव्हा गुंगी होती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"गुंगी उतरली होती. घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला तुम्ही मला गाडी कशी चालवायची ते सांगत होतात."

दोघे भाऊ तिच्याकडे वळले. दादाच्या चेहऱ्यावर दुखावलेला प्राचार्य होता आणि बारक्याच्या चेहऱ्यावर हसू. अप्पांना मात्र ओशाळल्यासारखं काही वाटल्याचं दिसलं नाही. ते शांतपणे म्हणाले की ज्या वेळी ज्याला द्यावीशी वाटली त्या वेळी त्याला तसं म्हटलं, त्यात खोटं काय होतं. माणसाला एका वेळी एकच मूल समोर दिसतं. आणि मग, जणू हाच प्रश्न कोणीतरी विचारायची ते वाट बघत होते, तसे खुर्चीत सरसावून बसले.

"आता नीट ऐका. कार्डं जातील तिथे मी जाणार. ज्याला कार्डं हवीत, त्याने मलाही न्यायचं."

स्वयंपाकघरातला कागदाचा आवाज थांबला. दादा खिडकीबाहेर बघू लागला. बारक्याने फोन काढून त्यात काहीतरी फार महत्त्वाचं आल्यासारखं वाचायला घेतलं.

आधी दादा बोलला. अप्पांना आपल्याकडे आणायला त्याला आनंदच आहे, पण घरात जिने आहेत आणि अप्पांचा गुडघा असा.

"खालची खोली आहे की," पुस्तकांच्या खोक्यावर चिकटपट्टी फिरवत वहिनी म्हणाली. "तुमचे करंडक ठेवलेत ती."

भरसभेत कोणीतरी उठून प्रश्न विचारल्यावर बघावं तसं दादाने बायकोकडे बघितलं. वहिनीने दातांनी चिकटपट्टी तोडली आणि पुढचं खोकं ओढलं. बारक्या लगेच दादाच्या मदतीला धावला. तो म्हणाला की दादाचं बरोबर आहे, त्या खोलीला ऊन कमी लागतं. आणि आपल्याकडे तर व्हिसापासून सगळाच प्रश्न. दादा म्हणाला की बारक्याचंही बरोबर आहे, या वयात इतका प्रवास. मघाशी एकमेकांच्या अंगावर जाणारे दोघे आता एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. आणि बोलता बोलता दोघेही हळूहळू ताईच्या दिशेने वळले. खरं म्हणजे ताईकडेच बरं, असं ठरत चाललं. ताईकडे लिफ्ट आहे. ताई जवळ आहे. ताईकडे गाडी आहे. कार्डंही मग ताईकडेच राहू देत, सध्या.

हे सगळं महिन्याभरापूर्वीच ठरलेलं होतं. आईअप्पा ताईकडे जायचे होते. तिने आपली झोपायची खोली त्यांना रिकामी करून दिली होती, स्वतःचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला होता, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली होती. त्यासाठी गवंडी तीन वेळा येऊन गेला आणि तिन्ही वेळा दांडी तिरकी लागली होती. या दोघांनी तेव्हा फोनवर तिची फार वाहवा केली होती. दोघांपैकी एकानेही दांडी बघायला पाऊल टाकलं नव्हतं.

"अप्पा माझ्याकडे येताहेत," ती म्हणाली. "कार्डं येणार नाहीत. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, त्यातल्या एकीच्या भिंतीला ओल येते. कपाटं उभी केली तर आई कुठे उभी राहील?"

"ओल?" अप्पा म्हणाले. "मग मी येत नाही."

ताईने अप्पांना हाताला धरून उठवलं आणि आतल्या खोलीत नेलं, कारण आणखी एक मिनिट त्या दोघांसमोर उभी राहिली असती तर तिच्या तोंडून भलतंच निघालं असतं. आत दोन्ही लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी होती. अप्पांनी सवयीने एक खण ओढला. जहाजं. एकेक कार्ड आपल्या कप्प्यात, रंग अजून ताजे. त्यांनी सांगायला सुरुवात केली की हे तीन डोलकाठ्यांचं जहाज न्हाव्याच्या मुलाकडून मिळालं, त्याची दाढ काढताना, आणि हे बर्फ फोडणारं जहाज मिळवायला सहा पहिलवान द्यावे लागले. ताईने हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं होतं. कोणाकडून काय आलं हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिने खण हळूच बंद केला. रात्री पाणी कोण देणार आहे, असं तिने विचारलं. बर्फ फोडणारं जहाज देणार आहे का? गोळ्या कोण मोजून देणार, पहिलवान?

अप्पा पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ ते काठीने फरशीवर टकटक करत राहिले. मग म्हणाले, "चष्मेवाल्याला बोलाव."

नाक्यावरचे चष्मेवाले काका अप्पांचे जिवाभावाचे मित्र आणि कार्डांच्या बाबतीत कट्टर वैरी. त्यांचंही तेच वेड. अप्पांकडे जहाजांचा संच सगळा होता, फक्त शेवटचं दीपस्तंभाचं कार्ड नव्हतं. ते चष्मेवाल्यांकडे होतं, आणि चष्मेवाले ते कशाच्याही बदल्यात द्यायला तयार नव्हते. त्यासाठी अप्पांनी त्यांना दोन संच देऊ केले होते, एकदा तर त्यांच्या सगळ्या कुटुंबाचे दात फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघे बसत, अप्पा दीपस्तंभ मागत, चष्मेवाले नाही म्हणत, आणि मग चहा व्हायचा. आता अप्पांनी बेत केला होता की सगळी कार्डं चष्मेवाल्याला द्यायची. त्याच्यासारखी निगा दुसरं कोणी राखणार नाही. आणि ताईचं घर तिथून फार लांब नाही. आपण अधूनमधून जाऊन बघत जाऊ. ताईला वाटलं, चला, सुटलो.

चष्मेवाले काका दुकानाची किल्ली हातात घेऊनच धापा टाकत वर आले. अप्पांनी खोलीत सगळ्यांना बोलावून घेतलं आणि मुलीचं लग्न ठरवावं तितक्या गंभीरपणे सांगितलं की सगळं तुझं, एकही कार्ड मागे न ठेवता. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला.

"मला नको रे," ते म्हणाले. "माझीच देऊन झाली."

अप्पांना आधी कळलंच नाही. काका हळूहळू सांगत गेले. मागच्या हिवाळ्यात एक दिवस त्यांनी आपली खोकी उघडली. एकेक कार्ड हातात घेतलं, आणि कोणतं कोणाकडून आलं ते काही केल्या आठवेना. नुसतीच जहाजं, नुसतेच पक्षी. दुसऱ्या कोणाची असावीत तशी. मुलाला विचारलं, त्याने नको म्हटलं. सुनेने विचारलं, ही टाकायची का? मग गल्लीतल्या मुलांना हवी तशी वाटून टाकली. काहींनी सायकलच्या चाकात लावली. चाक फिरलं की फरफर आवाज येतो ना, तसा.

"दीपस्तंभ?" अप्पांनी विचारलं.

"वरच्या मजल्यावरची मुलगी आहे एक, तिला दिलं. तिला पुस्तकात खूण ठेवायला हवं होतं."

अप्पा काठी टेकून उभे राहिले. ताई पुढे झाली, कारण तिला वाटलं ते पडतील, पण ते रागाने उठले होते. एवढी वर्षं, ते म्हणाले, एवढी वर्षं मी मागितलं, हात जोडले, आणि तू ते पुस्तकात खूण ठेवायला दिलंस. मला सांगावंसंही वाटलं नाही तुला? फुकट दिलंस, बदल्यात काहीच न घेता?

काकांनी मान खाली घातली. "तुला दिलं असतं तर तू शनिवारी कशाला आला असतास?" ते म्हणाले. "आणि नंतर सांगितलं असतं तरी कशाला आला असतास?"

दादाने घसा खाकरला. बारक्या मात्र बोलून गेला की दीपस्तंभ नसेल तर जहाजांच्या संचाला तिकडे कोणी विचारणारही नाही. वहिनीने त्याला कोपर मारलं. काका किल्ली वाजवत उठले आणि दुकान उघडं टाकून आलोय असं पुटपुटत निघून गेले, जे खोटं होतं, कारण कुलूप लावूनच ते किल्ली घेऊन आले होते.

ताईचे हात कपाळाला गेले. आता अप्पा म्हणू लागले की आपण कुठेच जाणार नाही, नव्या दंतवैद्याला सांगा की आतली खोली मिळणार नाही. दादा समजावणीच्या सुरात 'हे बघा अप्पा' म्हणून सुरू झाला. बारक्याने सुचवलं की एखादी कोरडी जागा भाड्याने घेऊन कपाटं तिथे ठेवावीत, आणि ती कोण सांभाळेल असं विचारल्यावर त्याने ताईकडे बघितलं. ती आता ओरडणारच होती. तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "मी ताईकडे जाते आहे. आजच. माझं सामान बांधून झालंय."

आईच्या हाताला वर्तमानपत्राची शाई लागली होती. ती आत आली आणि सरळ कपाटापाशी गेली. तिने सगळ्यात वरचा खण ओढला, हात न धुता. अप्पांच्या तोंडून काहीतरी निघालं, पण तिने लक्ष दिलं नाही.

"तुम्ही सगळे मघापासून ठरवताय, यांची कार्डं कोणाला द्यायची. ही यांची कधी झाली?" ती म्हणाली. "दातांचा डॉक्टर दुकानात जाऊन गम मागणार होता का? गावाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन मी आणायची. खोकीच्या खोकी. कार्ड यांचं, आणि गमचं काय करायचं? टाकवत नव्हतं. मी चघळायची. स्वयंपाक करताना, इस्त्री करताना, ताईला मांडीवर घेऊन. चाळिशीच्या आत तोंडात एक दात राहिला नाही."

मुलांना आईची कवळी माहीत होती. ती अप्पांनी स्वतः केलेली होती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणून ते पाहुण्यांना तिच्याबद्दल सांगायचे. आईकडच्या घराण्यातच दात कमजोर, असं या तिघांना लहानपणापासून सांगण्यात आलं होतं. दादाने तर आपल्या हिरड्यांसाठी आजोबांना जबाबदार धरलं होतं.

"हे खरं आहे अप्पा?" ताईने विचारलं.

अप्पा म्हणाले की त्यांनी तिला अनेकदा थुंकून टाक म्हणून सांगितलं होतं.

"सांगितलंत," आई म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी आणखी खोकं आणायला सांगितलंत." ती रागावलेली वाटत नव्हती. बाजारातून काय आणायचं हे सांगावं तशी बोलत होती, आणि त्यामुळे कोणी मध्ये बोलू शकलं नाही. कार्डं तिची होती, तेव्हा तीच ठरवणार होती. संच बारक्याने घेऊन जावेत, जहाजांचा अपुरा संचसुद्धा. विकत घेणारा तरी नीट ठेवील. त्याला हवीत म्हणून तो घेतोय, कोणाच्या बापाची आहेत म्हणून नव्हे. दादाने तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली की काचेच्या कपाटातलं कोणी बघत नाही, तुझ्या करंडकांकडे तरी कोण बघतं? दादा लाल झाला. मग प्राचार्याचा आवाज एकाएकी गळून पडला आणि तो म्हणाला, "आई, मी वाचायला पक्ष्यांच्या कार्डांवर शिकलो. मागच्या चार ओळींवर."

आईने पक्ष्यांचा खण पुरता बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला. कॉलेजात न्यायचा नाही, घरी ठेवायचा, आणि आठवड्यातून एकदा बघायचा, एवढी अट घातली. वहिनीने तो खण नवऱ्याच्या हातातून अलगद घेतला, कारण त्याला तो धरवत नव्हता.

"आणि यांच्याबरोबर डबल येतील," आई म्हणाली. "खोकं एकच आहे. पलंगाखाली मावेल. मला सवय आहे."

ताईला वाटलं आता अप्पा आकांत करतील. पण ते खाली बसले. मग त्यांनी बारक्याला विचारलं की फोटो काढताना झगझगीत दिवा लावला होतास का. त्याने हो म्हटल्यावर ते वैतागून म्हणाले की त्याने रंग जातात, एवढंही कळत नाही का. आणि नेताना जहाजं आडवी ठेव, उभी ठेवलीस तर कोपरे दुमडतात, आणि मध्ये पातळ कागद घाल, वर्तमानपत्र नको, शाई उठते. बारक्या मान हलवत होता. त्याचे डोळे भरून आलेत हे ताईला दिसलं आणि तिला त्याचाही राग आला, कारण आता रडून काय उपयोग होता.

"तुला काय हवं ताई?" आईने विचारलं.

हा प्रश्न सकाळपासून कोणी विचारला नव्हता. तिने रिकाम्या होत चाललेल्या कपाटाकडे बघितलं. गाडीत अप्पा म्हणाले होते ते वाक्य तिला आठवलं, आणि विमानतळावरचं, आणि कॉलेजातलं. मग ती म्हणाली की दुपारी मला शिकवणी आहे, गाडी लागेल, निघायचं असेल तर लवकर आटपा.

निघेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली. भावांनी खोकी खाली आणून दिली. एक खोकं दोघांनी मिळून उचललं आणि कोणी कुठून धरायचं यावरून जिन्यात त्यांचं पुन्हा वाजलं. आई मागच्या सीटवर, उशा आणि भांड्यांच्या मधोमध बसली. अप्पा पुढे, ताईच्या शेजारी, मांडीवर डबल कार्डांचं खोकं घेऊन. ताई शिकवताना त्या बाजूला बसायची, म्हणून तिकडच्या पायाशीही ब्रेक होता. तिने त्यांना पाय मागे ठेवायला सांगितलं. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते मागे वळून वरच्या खिडकीकडे बघत होते.

नाक्यावर वळण घेत असताना गाडी जागच्या जागी थांबली. भांडी खणखणली, आई पुढच्या सीटवर आपटली, मागच्या टेम्पोने भोंगा वाजवायला घेतला. ताईने आपल्या पायांकडे बघितलं. तिने काहीच दाबलं नव्हतं.

"एक मिनिट," अप्पा म्हणाले, आणि दार उघडून, खोकं काखोटीला मारून उतरले.

ते चष्म्याच्या दुकानात शिरले. काचेतून आतलं सगळं दिसत होतं. काका उभे राहिले. अप्पांनी काउंटरवर खोकं ठेवलं, झाकण काढलं, आणि हाताने खूण केली की घे. काका मान हलवत होते. माझ्याकडे द्यायला काही नाही, असं काहीतरी सांगत असावेत. अप्पा बोटाने काउंटर ठोकत होते. टेम्पोमागे आता आणखी गाड्या होत्या.

"बदल्यात काही घेतल्याशिवाय यांनी दिलं तर मी गाडीतून उतरून चालत जाईन," आई म्हणाली.

वाहतूक पोलीस आला आणि त्याने काचेवर टिचकी मारली. ताईने काच खाली केली. चौकात मधोमध गाडी का थांबवली, असं त्याने विचारलं. तिने गाडीच्या टपावरच्या 'शिकाऊ' लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मग दुकानाकडे. पोलिसाने तिकडे पाहिलं. दोन म्हातारी डोकी एका खोक्यावर वाकलेली होती. एकाने एक कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं, दुसऱ्याने ते त्याच्या हातातून घेऊन उलटं करून मागचं वाचून दाखवलं.

"तुमचे वडील?" पोलिसाने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "काही इलाज नाही."

अप्पा आले तेव्हा खोक्यात कार्डं थोडी कमी होती आणि वरच्या खिशात चष्म्याचं एक रिकामं घर होतं. त्यांना ते नको होतं, त्यांच्या चष्म्याला ते बसतही नव्हतं. ते ऐसपैस बसले, दार ओढून घेतलं आणि खोकं पुन्हा मांडीवर नीट ठेवलं. सौदा वाईट झाला नाही, असं म्हणाले. शनिवारी तो आणखी बघणार आहे. शनिवारी संध्याकाळी ताईला सोडायला जमेल का, नाहीतर ते रिक्षाने जातील, पण रिक्षावाले फार धक्के देतात.

मागून भोंगे वाजतच होते. ताईने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच सोडला, आणि गाडी जागची हलली नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "पाय."